फौंड्रीतील तपासणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता: कॅमेरा लावण्याआधी काय करावे लागते?

लोहरस (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या एका फौंड्रीत गुणवत्ता विभागाचे काम मी बरीच वर्षे पाहतो आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहत या भागात ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांना ठाऊक आहे की येथे पंपांच्या भागांपासून ट्रॅक्टरच्या हाउसिंगपर्यंत (यंत्राच्या बाहेरच्या कवचापर्यंत) नाना प्रकारचे ओतकाम चालते आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला एक सदोष नग महिन्याभराच्या कष्टांवर पाणी फिरवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने हे रिजेक्शन कमी होईल, असे आम्हाला गेली काही वर्षे सांगण्यात येते. ते खोटे नाही, परंतु त्यासाठी आधी काय करावे लागते हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे जे घडले ते सविस्तर लिहितो, म्हणजे इतरांना त्याच वाटेने ठेचा लागणार नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शॉट ब्लास्टिंगनंतरच्या, म्हणजे बारीक धातूच्या गोळ्यांच्या माऱ्याने नग साफ केल्यानंतरच्या, तपासणीसाठी कॅमेरा बसवला. गिअरबॉक्स हाउसिंगच्या पृष्ठभागावरील ब्लो होल (वायूमुळे पडलेली छिद्रे), वाळूचे कण अडकून पडलेले खड्डे आणि कोल्ड शट, म्हणजे दोन बाजूंनी आलेला धातूचा रस थंड पडल्याने नीट न जुळता राहिलेली रेघ, एवढेच त्याने ओळखायचे होते. पुरवठादाराचे प्रात्यक्षिक निर्दोष झाले आणि उन्हाळाभर यंत्रणा बरी चालली. जूनमध्ये पाऊस लागला आणि ब्लास्टिंगमधून निघालेल्या उघड्या बिडावर बघता बघता तांबूस झाक चढू लागली. आपल्या डोळ्यांना ती झाक म्हणजे ओल्या हवेचा गंज, हे सांगावे लागत नाही. कॅमेऱ्याने मात्र ती कधीच पाहिलेली नव्हती, कारण त्याला शिकवण्यासाठी वापरलेली सर्व छायाचित्रे मार्च आणि एप्रिलमधली होती. चांगले नग बाजूला पडू लागले, ढीग साचला आणि दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने शेवटी यंत्रणा बंद करून ठेवली. त्याचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

ज्या आकड्यावर आम्ही विसंबलो होतो तोही तपासून पाहायला हवा होता. ‘९९ टक्के अचूकता’ हे शब्द ऐकताच माणूस निर्धास्त होतो. २०१६ साली बॉश कंपनीने आपल्या उत्पादन साखळीतील नोंदी कॅगल या संकेतस्थळावर स्पर्धेसाठी खुल्या केल्या होत्या. त्यांपैकी शिकवणीच्या संचात सुमारे ११.८ लाख नग होते आणि सदोष नग फक्त ६,८७९, म्हणजे ०.५८ टक्के. तेथे कोणी डोळे मिटून ‘सगळे नग चांगले’ असे म्हटले असते तरी त्याची अचूकता ९९.४ टक्क्यांच्या वर गेली असती, आणि एकही सदोष नग सापडला नसता. म्हणून पुरवठादाराला दोनच प्रश्न वेगवेगळे विचारावेत: शंभर सदोष नगांपैकी किती निसटतात, आणि शंभर चांगल्या नगांपैकी किती उगाच अडवले जातात? या दोन चुकांची किंमत कधीही सारखी नसते. अडवलेला चांगला नग पुन्हा पाहता येतो. निसटलेला नग गिऱ्हाइकाच्या मशिनिंग लाइनवर टूल मोडून आपली ओळख देतो.

आमची आणखी एक चूक अशी झाली की एकाच हाउसिंगची पाच बाजूंनी काढलेली छायाचित्रे शिकवण्याच्या संचातही गेली आणि परीक्षेच्या संचातही. मुलाला परीक्षेत तीच उदाहरणे घातली तर तो पैकीच्या पैकी गुण मिळवणारच. आता आम्ही विभागणी छायाचित्रांनुसार करत नाही, तर हीटनुसार (भट्टीतील एका वेळच्या रसानुसार) आणि तारखेनुसार करतो: आधीच्या महिन्यांवर शिकवायचे आणि पुढच्या महिन्यावर परीक्षा घ्यायची. गुण एकदम खाली आले, पण ते खरे आहेत.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्यांदा सुरुवात करताना आम्ही कॅमेरा बाजूला ठेवला. दोनशे कास्टिंग निवडली, त्यांना क्रमांक दिले आणि आमच्या तीन तपासनीसांना, एकमेकांचे निकाल न दाखवता, चार दिवसांच्या अंतराने दोनदा तपासायला सांगितले. मोजमाप पद्धतीच्या विश्लेषणात याला गुणात्मक तपासणीचा अभ्यास म्हणतात आणि वाहन उद्योगातील अनेकांनी तो गुणवत्ता लेखापरीक्षकासाठी कधी ना कधी केलेला असतो. तपासनीसांचे आपसांतील एकमत योगायोगाने जमले असते त्याहून किती अधिक आहे, हे त्यातला ‘कप्पा’ हा निर्देशांक सांगतो. तो ०.७५ च्या वर असेल तर एकमत चांगले आणि ०.४० च्या खाली असेल तर वाईट समजतात. आमचा निर्देशांक या दोहोंच्या मधोमध आला. ज्यांच्या निकालांवरून यंत्राला शिकवायचे, त्यांचेच जर आपसांत पटत नसेल, तर यंत्राने काय शिकावे?

तिघांना एकत्र बसवून मतभेदाचे नग पुन्हा पाहिले तेव्हा कारण उलगडले. आमच्या सर्वांत जुन्या तपासनीसाने एका हाउसिंगच्या फ्लँजवरील (जोडणीच्या कडेवरील) ब्लो होल सोडून दिले होते, आणि तेवढेच ब्लो होल बेअरिंगच्या बैठकीजवळ असलेला नग मात्र नापास केला होता. फ्लँजवर मशिनिंगसाठी तीन मिलिमीटर माल जास्त ठेवलेला असतो आणि उथळ खड्डा त्या कापातच निघून जातो, हे त्यांना माहीत होते. नव्या तपासनीसाला ते कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर आम्ही ड्रॉइंगवर रंगीत पेन्सिलींनी पृष्ठभागांचे तीन विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात केवढा दोष चालेल हे लिहून काढले. आमच्या अंतर्गत रिजेक्शनमधील वादांपैकी बरेचसे त्या कागदानेच मिटले आणि तेव्हा कॅमेरा अजून कपाटातच होता.

तुमच्याकडे या विषयात काय अनुभव आहे, हे जाणून घ्यायला मला आवडेल. विशेषतः दोष सापडल्यानंतरचे नव्हे, तर दोष होण्याआधीचे काही कोणी केले आहे का?

वाळूपरीक्षक

लोहरस, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहितो आहे. कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो ओतून झालेल्या नगाकडे पाहतो. वीज जळालेली असते, माल वाया गेलेला असतो. खरा लाभ ग्रीन सँडच्या, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूच्या, नोंदींत आहे असे माझे मत आहे.

प्रत्येक फौंड्रीच्या वाळू प्रयोगशाळेत ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), पर्मिअॅबिलिटी (वाळूतून वायू किती आरपार जातो) आणि ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची दाब सोसण्याची ताकद) यांची वही असते. रिजेक्शनची वही दुसऱ्या इमारतीत असते. या दोन वह्यांची गाठ कधी पडत नाही, कारण त्यांना जोडणारी वेळ कुठेच लिहिलेली नसते. मिक्सरमधून वाळू निघाली १०:१० ला, साचा झाला १०:४० ला, रस ओतला ११:२० ला आणि नग फेटलिंगला (जादा धातू काढून साफ करण्याच्या विभागात) पोहोचला दुसऱ्या दिवशी. त्या नगातले ब्लो होल कोणत्या वाळूचे, हे सांगायचे कसे? आम्ही साच्यात दररोज बदलणाऱ्या तारखेच्या खुणेबरोबर तासाची खूणही ठेवू लागलो, आणि मिक्सरच्या प्रत्येक बॅचची वेळ पीएलसीतून (यंत्राच्या नियंत्रकातून) आपोआप उचलू लागलो. हे काम करायला पाच महिने लागले. त्यानंतरचे गणित एका साध्या निर्णयवृक्षाने (हो-नाही प्रश्नांच्या क्रमाने निकाल लावणाऱ्या पद्धतीने) एका दुपारीत केले.

त्यातून जे निघाले ते आमच्या मोल्डिंगवाल्यांना अंधुक ठाऊक होते, पण सिद्ध करता येत नव्हते. पाळीच्या उत्तरार्धात मोडलेल्या साच्यांतून परत आलेली वाळू पुरेशी थंड होत नाही. वाळूचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर गेले की मिक्सरपाशी मोजलेला ओलावा साच्यापर्यंत टिकत नाही; वाटेतच पाणी उडून जाते, वरचा थर कोरडा पडतो आणि ओतताना साच्याच्या कडा ढासळून वाळू रसात मिसळते. प्रयोगशाळेचा आकडा बरोबर, साचा मात्र वाईट. आता आमच्याकडे वाळूचे तापमान पट्ट्यावरच मोजले जाते आणि ते वाढले की ऑपरेटरला सूचना जाते. सूचनेत ‘धोका ७३ टक्के’ असे काही नसते. ‘वाळू गरम आहे, कूलरचे पाणी तपासा’ असे असते. सूचना वाचून हात कुठे न्यायचा हे कळत नसेल तर ती न दिलेलीच बरी.

भोसरीकर

दोन्ही लेखन मनापासून आवडले. मी मशीन शॉपच्या देखभाल विभागात आहे, म्हणून फिरत्या यंत्रांविषयी थोडे लिहितो.

आमच्याकडचे जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून आवाज ऐकत. त्यात कसलीही जादू नव्हती. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर ओरखडा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक ठोका देते आणि तो ठोका ठरावीक कालांतराने येतो. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतात आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात बाहेरच्या कड्यावरील खुणेवर सुमारे ३.५८५ ठोके पडतात. मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्यांनी फिरत असेल, तर कंपनांच्या आलेखात सुमारे ८६ हर्ट्झला उंचवटा दिसतो. आतल्या कड्यावर ओरखडा असेल तर हाच गुणक ५.४१५ होतो आणि उंचवटा १३० हर्ट्झच्या आसपास सरकतो. याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, एक सेन्सर आणि शाळेतला गुणाकार पुरतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की एकाच वेगाने चालणाऱ्या पंप आणि ब्लोअरसाठी महागडी प्रणाली घेण्याआधी कंपनांचा साधा कल पाहायला शिका.

मग यंत्रशिक्षण (यंत्राने उदाहरणांवरून शिकणे) कुठे उपयोगी पडते? सीएनसीच्या (संगणक-नियंत्रित यंत्राच्या) स्पिंडलसारख्या, म्हणजे फिरत्या दांड्यासारख्या, ठिकाणी, जेथे वेग, भार आणि धातू सतत बदलतात आणि ‘नेहमीचे’ म्हणजे काय हेच दर मिनिटाला बदलते. तेथे त्याच प्रोग्राममधील त्याच ऑपरेशनच्या वेळी स्पिंडल मोटरचा करंट मागच्या कित्येक नगांच्या तुलनेत कसा आहे, हे पाहणे माणसाला शक्य नसते. आमच्याकडे ड्रिल मोडण्याआधीचे काही नग या पद्धतीने ओळखता येऊ लागले आहेत. परंतु देखभालीत अडचण वेगळीच आहे: बिघाड इतके थोडे होतात की शिकवायला उदाहरणेच मिळत नाहीत, आणि चांगला देखभाल विभाग तर बिघाड होऊच देत नाही. त्यामुळे ‘बिघाड ओळख’ असे शिकवण्याऐवजी ‘नेहमीपेक्षा वेगळे ते दाखव’ असे शिकवणे अधिक व्यवहार्य ठरते.

लोहरस

भोसरीकर, अगदी हाच विचार आम्ही कॅमेऱ्याच्या बाबतीत केला. कोल्ड शटची छायाचित्रे वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात. २०१९ साली एमव्हीटेक या जर्मन कंपनीने संशोधकांसाठी प्रसिद्ध केलेल्या संचात १५ प्रकारच्या वस्तू आणि पृष्ठभागांची ५,३५४ छायाचित्रे आहेत, आणि त्यात शिकवणीसाठी फक्त निर्दोष वस्तूंची छायाचित्रे दिलेली आहेत. सदोष वस्तू केवळ परीक्षेच्या वेळी समोर येतात. चांगल्याची घट्ट ओळख झाली की वाईट आपोआप वेगळे दिसते, ही त्यामागची कल्पना आमच्या कामाला फार जवळची आहे.

ओतकामाचाही एक संच उपलब्ध आहे, राजकोटच्या एका फौंड्रीतील सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरचा, ७,३४८ छायाचित्रांचा. विद्यार्थ्यांनी सरावासाठी तो जरूर वापरावा. पण तेथे एकच नग, एकाच बाजूने, एकसारख्या उजेडात आहे, आणि मुळातल्या छायाचित्रांत फेरफार करून त्यांची संख्या आधीच वाढवलेली आहे. तेथे मिळालेल्या गुणांवरून आपल्या शॉप फ्लोअरचा अंदाज बांधू नये, ही विनंती.

छोटा युनिट

माझे बारा कामगारांचे युनिट आहे. संगणकावर टॅली सोडून दुसरे काही चालत नाही. हे सर्व वाचून उत्साह वाटतो आणि धास्तीही वाटते. मी कुठून सुरुवात करावी? मोबाइलवर जे संभाषणाचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप मिळते त्याचा काही उपयोग होतो का?

वाळूपरीक्षक

होतो, पण मर्यादेत. आमच्याकडे मागील सात वर्षांच्या पाळीच्या वह्या होत्या. हस्ताक्षरात, मराठीत, मध्येच ‘फर्नेस ट्रिप’, ‘कॉइल गळती’ असे शब्द. त्या टंकित करून घेतल्यावर भाषिक प्रारूपाला, म्हणजे तुम्ही म्हणता तशा संभाषणाच्या ॲपमागच्या प्रणालीला, विचारता येते की याआधी फर्नेसच्या कॉइलमधून पाणी गळले तेव्हा काय केले होते. उत्तर देताना त्याने मूळ नोंदीची तारीख दाखवलीच पाहिजे आणि आपण ती नोंद उघडून वाचलीच पाहिजे, हा आमचा नियम आहे, कारण ही प्रारूपे नसलेली गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. फर्नेसच्या किंवा प्रेसच्या नियंत्रणाशी आम्ही ते जोडलेले नाही आणि जोडणारही नाही. वितळलेल्या लोखंडापाशी अंदाजाला जागा नसते.

तुम्हाला एवढेच सुचवतो की यंत्र घेण्याआधी एक वही घ्या. ज्या एका कारणाने गेल्या वर्षी तुमचे सर्वांत जास्त पैसे गेले, त्या एकाच कारणाची नोंद तीन महिने करा: वेळ, यंत्र, कोण, कोणता माल. बारा माणसांच्या युनिटमध्ये तीन महिन्यांनी उत्तर बहुतेक त्या वहीतच सापडेल. नाही सापडले, तर तुमच्याकडे विकत न मिळणारी गोष्ट असेल, तुमच्या स्वतःच्या कामाची माहिती.

नेकारकाठ

मी जर्मनीत वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्रक्रिया अभियंता म्हणून काम करते. येथील अनुभवातला एक मुद्दा या धाग्यात अजून आलेला नाही, तो मांडते.

तपासणीचा कॅमेरा नगाकडे पाहतो, पण त्याच्या चौकटीत कामगाराचे हातही येतात. कोणत्या पाळीत, कोणाच्या हातून किती नग गेले आणि कोण किती वेळ थांबले, हे त्याच नोंदींतून काढता येते. येथे कारखाना-संघटनविषयक कायद्याच्या कलम ८७ नुसार, कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर देखरेख करू शकेल असे तांत्रिक साधन बसवायचे असेल तर कामगार परिषदेची (कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाची) संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीचे मूल्यमापन करायचे असेल तर परिषदेला तज्ज्ञ नेमण्याची गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही. आमच्या लाइनवर कॅमेरा येण्याआधी परिषदेबरोबर बैठका झाल्या, आणि चित्रातील हातांचा भाग काढून टाकायचा व नोंदीत कर्मचारी क्रमांक ठेवायचा नाही असे लेखी ठरले. काम लांबले, याचा तेव्हा मला त्रास झाला होता. पण नंतर लाइनवरच्या लोकांनी स्वतःहून चुकीचे निकाल दाखवून दिले, कारण ते दाखवल्याने आपल्यावर काही शेकेल अशी भीती त्यांना नव्हती. भारतात कायदा निराळा आहे. तरी व्यवस्थापनाने हे स्वतःहून लिहून द्यायला काही अडचण नसावी.

फेटलिंग शॉप

मी लिहीत नाही, वाचतो. आज लिहावेसे वाटले. मी तपासनीस आहे, सव्वीस वर्षे.

आमच्याकडे कॅमेरा आला तेव्हा माझ्याकडूनच त्याला शिकवून घेतले. मी एकेका फोटोवर बोट ठेवून सांगत होतो आणि मुलगा संगणकावर चौकोन काढत होता. मला कोणी विचारले नाही की तुम्ही नग हातात घेऊन का फिरवता. उजेड तिरका पडला की उथळ खड्ड्याची सावली दिसते, सरळ उजेडात तो दिसत नाही. फोटो सगळे सरळ उजेडातले होते. दोन महिन्यांनी कॅमेऱ्याकडून तेच खड्डे सुटू लागले तेव्हा मी हे सांगितले आणि बाजूला एक दिवा बसवला. हे पहिल्या दिवशी होऊ शकले असते.

एक गोष्ट खरी सांगतो, पाळीच्या शेवटच्या दोन तासांत माझे डोळे थकतात आणि कॅमेऱ्याचे थकत नाहीत. मला तो नको आहे असे नाही. त्याला ज्या नगाबद्दल शंका आहे तो त्याने माझ्याकडे पाठवावा आणि शंका कुठे आहे ते दाखवावे. मी त्याचा निकाल फिरवला तर कारण विचारावे आणि ते कुठेतरी लिहून ठेवावे. एवढे झाले तर आम्ही दोघे मिळून चांगले काम करू.

भोसरीकर

दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागाच्या फलकावर लावणार आहे, परवानगी असावी.

तुम्ही म्हणता ते शंभर वर्षांपूर्वीही कोणाला तरी उमगले होते. १९२४ साली साकिची तोयोडा यांचा जी प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. त्यात धागा तुटला की माग आपणहून थांबत असे आणि माणूस येऊन पाहत असे. त्याच वर्षी १६ मे रोजी वॉल्टर शूहार्ट यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये नियंत्रण आलेखाचे पहिले टिपण लिहिले: प्रक्रियेतला कोणता चढउतार नेहमीचा आणि कोणत्यासाठी माणसाने उठून जावे, हे सांगणारे. यंत्राने थांबावे आणि माणसाने कारण शोधावे, ही विभागणी मला आजही योग्य वाटते.

लोहरस

फेटलिंग शॉप, तुमच्या तिरक्या उजेडाच्या सूचनेबद्दल आभार. आम्हीही तीन बाजूंनी दिवे लावून एकामागून एक तीन छायाचित्रे घेण्याची व्यवस्था पुढच्या आठवड्यात करून पाहणार आहोत. शंकास्पद नगांसाठी तिसरी ट्रे आमच्याकडे आता आहे, पण निकाल फिरवण्याचे कारण नोंदवण्याची सोय नाही. ती करून घेतो.

सध्याची आमची पद्धत सांगून एक अडचण विचारतो. गेजसाठी (मापन साधनासाठी) जसा मास्टर, म्हणजे पडताळणीचा प्रमाण नमुना, असतो तसे आम्ही वीस नग ठेवले आहेत: बारा सदोष, आठ चांगले, सर्वांचे निकाल तिन्ही तपासनीसांनी एकमताने ठरवलेले. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ते वीस नग कॅमेऱ्यासमोरून जातात आणि बाराच्या बारा सदोष नग पकडले गेले तरच पाळी सुरू होते. भिंगावरची धूळ, सैल झालेला दिवा, कोणी चुकून हलवलेला स्टँड, हे सर्व यात लगेच कळते. परंतु पावसाळ्यात या मास्टर नगांवरच गंज चढतो. तेल लावून ठेवले तर पृष्ठभाग चमकतो आणि नग मुळात जसा दिसतो तसा राहत नाही. पुन्हा शॉट ब्लास्ट केले तर बारीक दोषाच्या कडा बोथट होतात. यंदा आम्ही दर महिन्याला अर्धे मास्टर नग बदलून पाहत आहोत आणि उरलेले गंजरोधक कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पिशव्यांसह बंद डब्यात ठेवत आहोत. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कोणी, जेथे हवा याहून दमट असते, उघड्या बिडाचे नमुने वर्षभर टिकवले असतील तर कृपया पद्धत कळवावी.